मारुतीचं वर उघडणारं दार

घर बांधताना केवलरामांनी सगळं मोजलं होतं. पाण्याच्या टाकीपासून चपलांच्या फळीपर्यंत. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये चौतीस वर्षं क्रेनच्या देखभालीवर काढलेला माणूस तो; खिशात एखादे वेळी रुमाल नसायचा, पण मोजपट्टी असायचीच. रिसालीतल्या त्या चिंचोळ्या प्लॉटवर एका बाजूला स्वयंपाकघराची भिंत आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या पुंडलिकरावांच्या कंपाउंडची भिंत. मध्ये आपल्या पांढऱ्या मारुतीसाठी केवलरामांनी बरोबर सहा फूट जागा सोडली. गाडी चार फूट आठ इंच. गवंड्याने विचारलंही होतं, "साहेब, थोडी जास्ती नाही पाहिजे?" त्यावर केवलराम म्हणाले, "कायले? गाडी का लठ्ठ होणार हाय?"

वास्तुपूजेच्या दिवशी पाहुण्यांच्या देखत त्यांनी गाडी झोकात मागे घेतली. पुंडलिकरावांच्या भिंतीपासून तीन बोटं, मागच्या भिंतीला अलगद टेकलेली, आणि डाव्या हाताला स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत तेरा इंच. मग इंजिन बंद करून, डाव्या सीटवर सरकून त्यांनी दार उघडलं.

आता गाडीच्या दाराला स्वतःचीही जाडी असते. पाच इंच. तेरातून पाच गेले, उरले आठ. त्या आठ इंचांतून केवलरामांचा एक हात, एक पाय आणि अर्धं पोट बाहेर आलं. बाकीचे केवलराम आतच राहिले.

केवलरामांनी गाडी मोजली होती, दार मोजायचं राहून गेलं होतं.

त्या दिवसापासून एक पद्धतच पडली. गाडी काढायची असली की पुढच्या हुकाला दोर बांधायचा, गल्लीतल्या चार जणांना हाक मारायची, आणि रिकामी गाडी ओढून रस्त्यावर आणायची. मग सगळ्यांनी बसायचं. परत आल्यावर सगळ्यांनी रस्त्यावर उतरायचं आणि गाडी ढकलून आत घालायची. भाजी आणायला जायचं तरी गल्लीभर कळायचं. सिलिंडरवाला तर पत्ताच तसा सांगू लागला, "वो दरवाजा भूले वाला घर है ना, उसके बाजू में."

हे वाक्य केवलरामांना फार लागायचं. शंभर टनांची क्रेन केसभर इकडेतिकडे होऊ न देणारा माणूस, आणि नाव पडलं ते असं.

मुलगा अंकुर म्हणायचा, "बाबा, देऊन टाका कबाड्याले, भंगारात." बायको मनकर्णाबाई नुसत्या दोराकडे बघायच्या. ते जास्त वाईट होतं.

*

मग एका संध्याकाळी केवलराम आपल्या नातीला, अकरा वर्षांच्या मोनाला, घेऊन सिविक सेंटरला गेले. मोनाला चाट खायची होती. तिथे ही गर्दी! मध्ये एक नारिंगी रंगाची गाडी उभी. इतकी बुटकी, की तिच्या टपावर हात ठेवायचा तर वाकावं लागेल. रायपूरहून कुणी हौशी माणूस फिरायला आला होता. तो गाडीत बसायला निघाला आणि त्याने दाराला हात लावला. दार बाहेर आलं नाही. ते वर गेलं. सावकाश, नाक वर करून, आकाशाकडे.

"ओ माय गॉड आबाजी, देखो ना!" मोना ओरडली.

आबाजी बघतच होते, पण गाडीकडे नव्हे. त्यांची नजर दाराच्या पुढच्या टोकाला, बिजागरीवर खिळली होती. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, गर्दीत शिरले, आणि गाडीच्या बाजूला वाकून हवेतच काहीतरी मोजलं.

"अंकल, गाड़ी को टच मत करना," मालक म्हणाला.

"टच नाही करून राहिलो जी. बाजूला किती जागा घेते ते पाहून राहिलो." मग मोनाकडे वळून ते हळूच म्हणाले, "बेटा, दोन बोटं! फकत दोन बोटं जागा घेतली!"

चाट खायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर शाळाच भरली. केवलरामांना शिकवायची आवड आधीपासूनच होती. गल्लीतली सात-आठ मुलं त्यांच्यासमोर हमखास बसलेली असायची. मोनाने मोबाइलवर चित्रं काढून ठेवली होती. पण केवलरामांचा चित्रांवर विश्वास नव्हता. वस्तू हातात धरल्याशिवाय ती कळत नाही, असं त्यांचं मत. त्यांनी स्वयंपाकघरातून सामान मागवलं.

"हे पाहा," त्यांनी पत्र्याच्या पेटीचं झाकण उचललं. "याची बिजागरी माथ्यावर. काही गाड्यायचे दार असे छपरापासून वर उचलते. दोन्ही दारं उघडले की गाडी कशी दिसते?"

"पंख फैलाया हुआ मुर्गा!" एक मुलगा म्हणाला.

"शाबास. आता हे." त्यांनी अडकित्ता घेतला. त्याची एक दांडी खाली, दुसरी वर. "याची बिजागरी पुढं, टोकाले. दार तिथंच फिरते, बाहेर येतच नाही. सिविक सेंटरची गाडी अशी. अन् काही दारं असे असतात, वरही जातात अन् बाहेरही, फुलपाखरावानी. थे आपल्या कामाचे नाही. काही उलटे उघडतात, कपाटाच्या दोन पल्ल्यावानी. अन् एक गाडी तर अशी, की तिचं अख्खं छप्परच उघडते, कुकराच्या झाकणावानी."

"मग आबाजी, माणूस शिटी वाजली की उतरतो का?" मोनाने विचारलं.

शाळा पाच मिनिटं हसण्यात गेली. केवलरामांनी थांबून घेतलं. मुलं हसत असताना शिकवू नये. त्यांना पोटभर हसू द्यावं आणि मग विचारावं.

"आता सांगा, असे दार कावून बनवते कोणी? नुसते दाखवाले?"

मुलं म्हणाली, हो, दाखवायलाच.

"थेही हाय म्हणा. पण या गाड्या बुटक्या अन् रुंद असतात, दारं लांबलचक. साधं दार पूर्ण उघडाले दोन गाड्यायची जागा लागते. अन् काहीयची मागची काच एवढुशी, की गाडी मागं घेताना ड्रायव्हर दार वर करते, अन् बाहेर वाकून पाहते. म्हणजे काय? जागा नसन तर दारानं वर जावं." त्यांनी अडकित्ता मिटला आणि भिंतीपलीकडच्या मारुतीकडे पाहिलं. "आपल्याले बी जागा नाही."

आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला, "अजी, अडकित्ता द्या इकडे. अन् मनात जे येऊन राहिलं, थे येऊ देऊ नका."

पण ते येऊन बसलेलं होतं.

*

कामाला जोडीदार मिळाला जानराव. तो प्लांटमधला जुना वेल्डर, केवलरामांचा तीस वर्षांचा सोबती, मागच्याच गल्लीत राहणारा. जानरावला काय करायचं ते सांगितलं की तो कधी 'का' विचारत नसे, फक्त 'कुठे' विचारायचा.

दोघांनी गाडी रस्त्यावर ओढली आणि डावं दार उतरवलं. एकच दार बदलायचं ठरलं. चालकानेही त्यातूनच शिरायचं आणि पलीकडे सरकायचं. पॉवर हाऊस भागातल्या भंगार बाजारातून एक जाड बेअरिंग आलं, एका मोठ्या गाडीच्या डिक्कीचे दोन शॉकर आले. डिक्की उघडली की ती आपोआप वर उचलणाऱ्या त्या दोन नळ्या असतात ना, त्या. जानरावने लोखंडी पट्टी कापून बिजागरी केली. आठवडाभर गल्लीत ठिणग्या उडत होत्या.

"केवलराम भाऊ, दोन शॉकर जास्ती तर नाही होणार?" जानरावने आयुष्यात पहिल्यांदा शंका काढली.

"मारुतीचं दार हाय, पण इज्जतीनं उघडलं पाहिजे."

गाडी जागेवर गेली. चाचणीची वेळ आली. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बाहेर आलेल्या कडेवर मनकर्णाबाईंनी लिंबाच्या लोणच्याची बरणी उन्हाला ठेवली होती. खिडकीतून त्या स्वतःही बघत होत्या. जानरावने अंग चोरून त्या तेरा इंचांत शिरून कडी दाबली.

दार इज्जतीनं उघडलं नाही. ते थप्पड मारल्यासारखं उघडलं. जानराव कसाबसा मागे सरला. दाराचं टोक खालून खिडकीच्या कडेवर आदळलं, बरणी उडाली, मनकर्णाबाईंच्या नाकासमोरून वर गेली, क्षणभर हवेत थांबली, आणि पुंडलिकरावांच्या भिंतीपलीकडे गेली.

पलीकडून आवाज आला, "कोण हाय बे?"

मग पुंडलिकराव भिंतीवरून डोकावले. पांढऱ्या केसांत लिंबाची एक फोड होती. हे प्लांटच्या सेफ्टी विभागातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांना बघून लोक आपोआप हेल्मेट चाचपायचे. अजूनही काही जण चाचपतात. फोड काढून त्यांनी ती नीट पाहिली, चाखली, आणि म्हणाले, "मुरलं नाही अजून. अन् केवलराम, दाराले लॉक नाही, टॅग नाही, हे काय काम हाय?"

मनकर्णाबाई खिडकीतून शांतपणे बोलल्या. त्या शांतपणे बोलल्या की केवलरामांना प्लांटचा भोंगा आठवायचा.

"येत्या रविवारी भिलाई-तीनले माझ्या बहिणीच्या, अंजनाच्या नातवाचं बारसं हाय. पाळणा मले म्हणायचा हाय. त्या दिवशी मी इथूनच, या जागेतूनच गाडीत बसणार. दोर नाही, गल्ली नाही, थप्पड नाही. बसता आलं, तर ठेवा तुमची गाडी. नाही तर सोमवारी कबाडी."

"बरं," केवलराम म्हणाले.

"अन् बरणी तुमची उधारी."

*

आता त्या टॅगविषयी सांगायला हवं.

प्लांटमध्ये एक नियम असतो. कुठल्याही यंत्रावर काम चालू असलं की त्याच्या बटणाला काम करणारा माणूस आपल्या नावाचा लाल टॅग लावतो. 'खतरा. काम चालू है.' खाली नाव. तो टॅग ज्याचं नाव त्यानेच काढायचा. साहेबाने नाही, साहेबाच्या साहेबानेही नाही. टॅग असेपर्यंत ते यंत्र चालवायचं नाही आणि हलवायचंही नाही. एकदा जानराव क्रेनच्या पोटात शिरून वेल्डिंग करत होता, आणि खाली नवीन आलेल्या ऑपरेटरचा हात बटणावर गेला होता. समोर त्या कामाचे इन्चार्ज केवलराम यांचा टॅग दिसला. हात मागे आला. जानराव खाली उतरला, पाणी प्यायला, आणि त्या पुठ्ठ्याला त्याने नमस्कार केला. म्हणून या गोष्टीला त्या गल्लीत कुणी हसत नाही.

निवृत्तीच्या दिवशी केवलरामांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि आपला टॅगही मागून घेतला. तेव्हापासून तो घरात लागतो. मिक्सर उघडला की मिक्सरला, पंखा उतरवला की पंख्याला. एकदा संडासाचा नळ दुरुस्त करताना तो त्यांनी दाराला लावला, वॉशर आणायला बाजारात गेले, आणि तिथे जुना मित्र भेटला. अख्खं घर दोन तास पुंडलिकरावांकडे ये-जा करत होतं, पण टॅगला कुणी हात लावला नाही.

थपडीनंतर केवलरामांनी कामाची पद्धत सुधारली. एक शॉकर काढून टाकला. दार खिडकीच्या कडेखाली चार बोटांवर थांबेल अशी साखळी लावली. आणि दार आपण होऊन उडू नये म्हणून बाहेरून, पुढच्या चाकाच्या वर, बिजागरीत बोटाएवढी लोखंडी पिन बसवली. पिन घातली की आतून-बाहेरून काहीही करा, दार हलत नाही. पिनेवर टॅग.

आणि मोनाला शिकवलं, "दार खाली दिसलं अन् पिन नाही, तर पयले पिन घालायची. मंग टॅग. मंग दुसरं काम. इसरायचं नाही."

"नहीं भूलूँगी आबाजी."

चांगली शिष्या मिळणं ही भाग्याची गोष्ट आहे. पण तिचे परिणाम शिक्षकाला भोगावे लागतात.

*

रविवारी सकाळी मनकर्णाबाई पोपटी लुगडं नेसून, घुगऱ्यांचा डबा भरत होत्या. केवलराम शेवटचं तेल द्यायला गाडीपाशी गेले. पिन काढून टॅगसकट बोनेटवर ठेवली आणि आत शिरले. आतून दार खाली ओढलं, कडी लागते का ते पाहिलं. लागली. मग आतली दांडी थोडी करकरते म्हणून ते सीटवर आडवे झाले, डोकं खाली, पाय वर, तेलाची बुधली हातात. क्रेनच्या आवाजात इतकी वर्षं गेल्याने त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि दुसरा कान त्या वेळी सीटवर दाबलेला होता.

मोना तिकडून आली. तिने पाहिलं, दार खाली आहे, पिन बोनेटवर आहे. ती तिरकी होऊन बाजूच्या फटीत शिरली, पिन घातली, टॅग लावला, आणि शाबासकीसाठी आबाजींना शोधायला घरात गेली.

आबाजींनी दांडी ओढली. दार हललं नाही. पुन्हा ओढली. उजव्या बाजूचं दार पुंडलिकरावांच्या भिंतीवर टेकलं. मागे भिंत. डावी काच खाली केली. ती नेहमीप्रमाणे अर्ध्यात अडकली. त्या अर्ध्या काचेतून त्यांनी हाक मारली.

"मोना!"

मोना धावत आली. "आबाजी, तुम अंदर हो?"

"हो ना! पिन काढ बेटा."

मोनाने टॅगकडे पाहिलं. मग आबाजींकडे. "नहीं काढू शकत. टॅगवर तुमचं नाव हाय."

"अवं, पण लावला तर तूनंच ना!"

"तुमच्या नावाचा लावला. तुम्हीच तर सांगितलं, जिसका नाम वही निकालेगा. साहेबाच्या साहेबानं बी नाही."

शिकवलेलं इतकं बरोबर कुणी म्हणून दाखवलं, की शिक्षकाला खोडता येत नाही.

जानराव नवं जाकीट घालून बारशाला यायला निघालेला, तो आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "कुठे हाय पिन?" म्हणत फटीत शिरला, हात पुढे केला, आणि टॅगपासून चार बोटांवर हात थांबला. त्याने परत प्रयत्न केला. हात पुन्हा थांबला.

"नाही गा भाऊ," तो कसनुसा हसत म्हणाला. "हातच नाही जाऊन राहिला. या टॅगनं मले वाचवलं. मी याले कसा काढू?"

"अरे, पण आत मीच हाय!"

"थेच तर. आत माणूस हाय, अन् मी टॅग काढू?"

मग त्याला दुसरी युक्ती सुचली. "दोर आणतो. गाडी बाहेर ओढू, रस्त्यावर उजवं दार उघडन."

"खबरदार." भिंतीवर पुंडलिकराव उगवले. "टॅग लागलेली मशीन हलवाची नाही. केवलराम, मीटिंगमध्ये तूच मोठ्यानं वाचत होता ना हा नियम?"

"पुंडलिकराव, गंमत करून राहिले का?"

"सेफ्टीत गंमत नसते."

मनकर्णाबाई खिडकीत आल्या. खाली अर्ध्या काचेत नवऱ्याचं घामेजलेलं तोंड. त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेदहा. बाराला पाळणा होता.

"मंग मी रिक्षा बोलावू का?" त्यांनी विचारलं.

रिक्षा आली असती तर सगळंच संपलं असतं. गाडी सोमवारी कबाड्याकडे गेली असती आणि दार विसरलेलं घर जन्मभर तसंच राहिलं असतं. केवलरामांच्या कपाळावरचा घाम टपकन तेलाच्या बुधलीत पडला. आणि चौतीस वर्षांची नोकरी कामाला आली.

"चार्ज!" ते ओरडले. "पुंडलिकराव, शिफ्ट सुटताना काम अर्धं राहिलं तर टॅग कोण काढते?"

पुंडलिकरावांनी डोळे मिटले, जसं काही नियमाचं पान उघडलं. "लेखी चार्ज दिला तर नवा इन्चार्ज काढते. कामाची माहिती, धोक्याची माहिती, सही. घेणाऱ्याची बी सही."

"मंग जानरावले देतो."

"जानरावनं वेल्डिंग केली. स्वतःच्या कामावर तोच इन्चार्ज? चालत नाही."

"तुम्ही घ्या."

"मी तपासणारा."

"मी घेते!" मोना म्हणाली.

"अठराच्या खाली नाही," असं तिघे एकदम म्हणाले.

मग तिघांनी सावकाश वर, खिडकीकडे पाहिलं.

*

कागद नव्हता. केवलरामांनी डॅशबोर्डमधून गाडीच्या विम्याचं जुनं पाकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं. पुंडलिकराव भिंतीवरून मजकूर सांगत होते. पाकीट अर्ध्या काचेतून बाहेर आलं, पण मनकर्णाबाईंचा हात काही तिथे पोचेना. त्यांनी सांडशी आणली, खिडकीतून वाकल्या, आणि गरम पातेलं उचलावं तसा चार्ज उचलला.

त्यांनी तो मोठ्याने वाचला. "एक पांढरी मारुती, एक वर जाणारं दार, एक पिन, एक टॅग. आजपासून पूर्ण ताबा श्रीमती मनकर्णाबाईंकडे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पूर्ण म्हणजे?"

"पूर्ण," पुंडलिकराव म्हणाले.

"ठेवायची का कबाड्याले द्यायची, थे बी?"

अर्ध्या काचेतून क्षीण आवाज आला, "थे बी."

"अन् धोक्याची माहिती?"

"दार उडू शकते," केवलराम म्हणाले. "म्हणजे आता उडणार नाही. बहुतेक."

"बहुतेक," मनकर्णाबाईंनी ते पाकिटावर लिहून घेतलं. मग सही केली. त्यानंतर त्यांनी सांडशीत एक बेसनाचा लाडू धरून खाली सोडला. "घाम आला तुमाले. हा खा पयले. मी येते."

त्या आल्या. जानराव बाजूला झाला, पुंडलिकरावांनी भिंतीवर हात घट्ट धरले, मोना टाचा उंचावून उभी. मनकर्णाबाई लुगडं सावरत फटीत शिरल्या, टॅग काढला, नीट पुसून कमरेला खोचला, आणि पिन ओढली.

दार थरथरलं. मग ते वर निघालं. घाई नाही, आदळआपट नाही. देवळातला पुजारी झोपेतून उठतो तसं, थोडं थांबत, थोडं करकरत, वर, वर, आणि खिडकीच्या कडेखाली बरोबर चार बोटांवर येऊन उभं राहिलं. कडेवर मनकर्णाबाईंनी स्वतःच आणलेली नवी बरणी होती. ती हललीसुद्धा नाही.

आत केवलराम, तोंडात अर्धा लाडू.

"सरका तिकडे," इन्चार्ज म्हणाल्या. "पाळण्याले उशीर होऊन राहिला."

*

भिलाई-तीनला त्या बरोबर बाराला पोचल्या. मांडवाच्या दारातच गाडी थांबली. आतून मनकर्णाबाईंनी दांडी ओढली. दार वर गेलं आणि त्याच्या टोकाने मांडवाचं झालर लावलेलं कापड अलगद उचललं, जणू पाहुणी येणार म्हणून कुणी पडदा बाजूला केला. मनकर्णाबाई घुगऱ्यांचा डबा घेऊन त्याखालून उतरल्या. अंजनाबाई ओवाळणीचं ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"माय वो ताई! हे काय?"

"दार हाय. वर जाते," मनकर्णाबाई इतक्या सहज म्हणाल्या, जसं काही त्या रोजच असं उतरतात.

मग काही बारसं वेळेवर झालं नाही. बायका म्हणाल्या पुन्हा दाखवा. पुरुष म्हणाले शॉकर कुठला. दार अकरा वेळा वरखाली झालं. बाराव्या वेळी कापड टोकात अडकलं आणि अर्धा मांडव जानरावच्या नव्या जाकिटावर आला. आतून त्याचा आवाज ऐकू येत होता, "कुठे हाय, सांगा, मी उचलतो." बाळाला सव्वा वाजता नाव मिळालं. मोना सगळ्यांना ताटलीतल्या चमच्याने समजावून सांगत होती, बिजागरी माथ्यावर असली तर काय आणि टोकाला असली तर काय. केवलराम कोपऱ्यात बसून ऐकत होते. तिने एक जागा चुकवली. त्यांनी थांबून पाहिलं. तिची चूक तिलाच कळली.

परतताना गाडी एकाच फेरीत जागेवर गेली. दोर नाही, गल्ली नाही. सगळे उतरले. मनकर्णाबाईंनी दार खाली ओढलं, पिन घातली, कमरेचा टॅग काढला. केवलराम बाजूला उभं राहून बघत होते. सोमवार उद्याच होता.

मनकर्णाबाईंनी मोनाकडून पेन घेतलं, टॅगवर 'केवलराम' खोडलं, खाली ठळक अक्षरात 'मनकर्णा' लिहिलं आणि टॅग पिनेवर लावला.

"गाडी राहीन," त्या म्हणाल्या. "पण माझ्या नावावर."

तेव्हापासून सिलिंडरवाला पत्ता वेगळा सांगतो. "वो ऊपर दरवाजा वाला घर." केवलराम ते ऐकायला मुद्दाम ओसरीवर बसतात. आणि बाहेर जायचं असलं की स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभे राहून, कागदावर लिहून, सांडशीत धरून अर्ज वर करतात. काम काय, किती वेळ, सोबत कोण. बहुतेक वेळा मंजूर होतो. कालचा परत आला. त्यावर लाल पेनाने एकच शेरा होता: 'लोणच्याची बरणी बाकी.'